सहा वर्षांत बाथरूम म्हातारं: टाईल्सच्या मागे पाणी करतं तरी काय

रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरचे काका मोबाईल घेऊन दारात उभे. फोटो दाखवला, त्यांच्या बाथरूमच्या छताला ताटाएवढा पिवळट डाग आणि मधोमध रंगाला आलेला फुगा. "अरे बघ जरा, तुझ्याकडून काही येतंय का." काका कधी आवाज चढवत नाहीत, पण मागे उभ्या असलेल्या काकूंकडे बघून मला कळलं की हा डाग आजचा नाहीये, बरेच दिवस घरात चर्चा होऊन मग काकांना वर पाठवलंय.

आमची बिल्डिंग घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या बाजूला, पझेशन घेऊन तेव्हा सहा वर्षं झालेली. सहा वर्षं हे काय वय आहे का हो बाथरूमचं? नीट केलेलं बाथरूम पंधरा-वीस वर्षं सहज काढतं. माझ्या आजोळी न्हाणीत नुसती शहाबादी फरशी होती, टाईल नाही की केमिकल नाही, पण पाणी भिंतीतल्या भोकातून थेट परसात केळीच्या बुडाशी जायचं, आणि ती न्हाणी कधी गळल्याचं ऐकलं नाही कारण गळून जाणार कुठे, खाली जमीनच. आपल्या खाली काका राहतात हा सगळा फरक आहे.

आता खरं सांगायचं तर मला लक्षणं आधीपासून दिसत होती. तिसऱ्या वर्षी जॉइंट काळे पडले, मी घासले. चौथ्या वर्षी खालच्या ओळीतल्या टाईल्सच्या कडेला पांढरी पावडर यायला लागली, मी पुसली. मग जॉइंट पोकळ झाले म्हणून व्हाइट सिमेंट आणून भरलं, ते सहा महिन्यांत गेलं, परत भरलं, परत गेलं, असं तीनदा. पाचव्या वर्षी शॉवरखालच्या दोन टाईल्स फुगून पुढे आल्या. आणि प्रत्येक वेळी मला वाटत होतं की टाईल्सचा प्रॉब्लेम आहे, बिल्डरने स्वस्तातल्या लावल्या. टाईल्स बिचाऱ्या ठीक होत्या. हे सगळं समजायला मला बाथरूम फोडावं लागलं, तुम्हाला लागू नये म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट डोक्यातून काढून टाका की टाईल्स पाणी अडवतात. टाईल हा रेनकोट नाही, टाईल हा रेनकोटवर घातलेला चांगला शर्ट आहे. टाईलच्या वरच्या काचेसारख्या थरातून पाणी जात नाही हे बरोबर, पण बाथरूम म्हणजे एक अखंड टाईल नसते ना. साधा हिशोब करा, सात बाय चार फुटांचं बाथरूम, जमिनीला एक बाय एक फुटाच्या टाईल्स आणि भिंतीला सात फुटांपर्यंत बारा बाय अठरा इंचाच्या, दरवाजाची जागा सोडून सगळ्या जॉइंटची लांबी मोजली तर पावणेतीनशे फुटांच्या वर जाते. म्हणजे एवढ्याशा खोलीत पावणेतीनशे फूट लांबीची फट आहे आणि ती आपण बुजवलीय सिमेंटने. सिमेंटचा ग्राउट दिसायला घट्ट दिसतो पण आत बारीक बारीक छिद्रं असतात, कंदिलाची वात जसं रॉकेल वर ओढते तसं तो पाणी आत ओढून घेतो. रोज दोन-तीन आंघोळी, कपडे, बादल्या. थोडं थोडं पाणी टाईलच्या मागे जाणारच, ते कोणीच थांबवू शकत नाही. प्रश्न एवढाच की मागे गेलेल्या पाण्याचं पुढे काय होतं. तिथे वॉटरप्रूफिंगचा थर असेल तर पाणी त्यावरून घरंगळत नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या निचऱ्याच्या भांड्याकडे जातं किंवा हळूहळू सुकतं. नसेल, किंवा फाटलेला असेल, तर ते खाली उतरतं आणि काकांना भेटतं.

आता जमिनीखाली काय असतं ते बघू, कारण बहुतेकांना वाटतं टाईलखाली लगेच स्लॅब. तसं नसतं. बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली असतो, त्याला सन्क म्हणतात, कुठे आठ-नऊ इंच कुठे फूटभर. त्या खड्ड्यातून कमोडचा आणि नहाणी ट्रॅपचा पाईप जातो, आणि उरलेली जागा विटांचे तुकडे नि सिमेंटचा माल घालून भरतात, त्याला ब्रिकबॅट कोबा म्हणायचं. या कोब्यावर मग टाईल. आता सात बाय चारचा नऊ इंच खड्डा म्हणजे एकवीस घनफूट झाले, एका घनफुटात साधारण २८ लिटर, म्हणजे जवळपास ६०० लिटरचा खड्डा. त्यातल्या विटांनी आणि पोकळ जागांनी धरा फक्त दहावा भाग पाणी पिऊन ठेवलं तरी ६० लिटर झाले, तीन मोठ्या बादल्या, तुमच्या पायाखाली कायमच्या भरलेल्या. मी चार दिवस गावाला गेलो तरी काकांकडे थेंब पडत राहिले त्याचं कारण हेच, नळ बंद होता पण टाकी माझ्या जमिनीखालीच होती.

आणि हे पाणी नुसतं बसून राहत नाही, काम करतं. सिमेंटमधला चुना थोडा थोडा विरघळवतं, पृष्ठभागावर आणतं, तिथे पाणी सुकतं आणि क्षार मागे राहतो, तीच ती पांढरी पावडर. त्यात आमच्या घोडबंदरला उन्हाळ्यात टँकर, कधी बोअरचं पाणी, ते जड असेल तर स्वतःचे क्षार वरून घेऊनच येतं. शिवाय सिरॅमिकच्या भिंतीच्या टाईल्स मागच्या बाजूने भरपूर पाणी पितात, वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त, आणि सतत ओल्या राहिल्या की वर्षानुवर्षं अगदी केसाएवढ्या का होईना पण फुगतात. व्हिट्रिफाइड टाईल अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी पाणी घेते. आता केसभर फुगण्याने काय होतंय असं वाटेल, पण तुमच्या मिस्त्रीने पेपर जॉइंटने टाईल्स लावल्या असतील, म्हणजे मधे फट न सोडता एकमेकांना चिकटवून, दिसायला भारी, तर त्या फुगणाऱ्या टाईल्सना सरकायला जागाच नसते. चर्चगेट लोकलमध्ये चौथ्या सीटवर पाचवा बसला की कोणीतरी उभं राहतंच, तशी एखादी टाईल भिंत सोडून पुढे येते.

पण सगळा दोष फुगण्याला देता येत नाही, चिकटवलंच धड नव्हतं ही अर्धी गोष्ट. आमच्या फुगलेल्या टाईल्स काढल्या तेव्हा मागे मालाचे पाच लाडू दिसले, चार कोपऱ्यात चार आणि मधे एक. बाकी सगळी पोकळी. लाडू लावून टाईल ठोकली की काम पटापट होतं, भिंत वाकडी असेल तर लाडू कमी-जास्त करून ओळंब्यात येते, म्हणून मिस्त्री हे करतात, आणि चार वर्षं काही कळतही नाही. पण त्या पोकळीत पाणी साठतं, भिंतीवरून खाली उतरून जमिनीच्या कोपऱ्यात जमा होतं, म्हणून बघा, बाथरूम नेहमी खालच्या एक-दोन ओळींत आधी खराब होतं.

नवीन टॉवरांत अजून एक भानगड आहे. पूर्वी भिंत विटांची, खरबरीत, माल तिला धरून बसायचा. आता ठाणे काय नि खारघर काय, अ‍ॅल्युमिनियमच्या फर्म्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात, ज्याला सगळे मायवान म्हणतात, त्या आरशासारख्या गुळगुळीत, वर फर्मा सुटावा म्हणून लावलेलं तेल. त्यावर टाके न मारता किंवा बाँडिंगचा कोट न देता साध्या सिमेंटच्या घोळाने टाईल लावली तर ती चिकटत नाही, फक्त टेकून उभी असते. व्हिट्रिफाइड टाईलचंही तसंच, ती पाणी पीत नाही म्हणजे सिमेंटचा घोळही पीत नाही, सिमेंट तिच्या पाठीला धरत नाही. तिला अ‍ॅडहेसिव्हच लागतो. आणि जिथे सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकची भिंत आणि काँक्रीटचा कॉलम भेटतो तिथे दोघं आपापल्या परीने आकुंचन पावतात, मधे जाळी लावली नसेल तर उभी भेग ठरलेली, ती प्लास्टरमधून टाईलच्या जॉइंटपर्यंत येते.

आता एक पाप जे आपण स्वतः करतो. बाथरूम अ‍ॅसिड. पांढरे डाग आले, ओतलं अ‍ॅसिड, फेस आला, समाधान झालं. तो फेस कसला असतो माहितीये? तुमचा ग्राउट विरघळत असतो. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आणि सिमेंटमधला चुना, दोघं भेटले की चुना विरघळून वाहून जातो, प्रत्येक वेळी जॉइंट थोडा खोल होतो, नळाचा क्रोम जातो तो वेगळाच. आमच्याकडे दर महिन्याला हा सोहळा व्हायचा, मी स्वतः ब्रश घेऊन बसायचो. आणि एक गंभीर गोष्ट, अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचवालं लिक्विड कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये जीवावर बेतू शकतं.

बरं, तर काकांचा डाग. माझी पहिली प्रतिक्रिया होती परत व्हाइट सिमेंट. बायको म्हणाली, तीनदा भरलंस, चौथ्यांदा तेच करून वेगळं काय होणार आहे, आधी पाणी येतंय कुठून ते तरी बघ. बरोबर होतं तिचं, आणि रिपेअरमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, इथे घाई केली की पैसे जातात.

पाणी चार ठिकाणांहून येऊ शकतं. एक, भिंतीतली नळाची लाईन. दोन, सांडपाण्याचा पाईप किंवा नहाणी ट्रॅपचा जॉइंट. तीन, टाईल्समधून झिरपणं. चार, बाहेरून, म्हणजे डक्टमधला (पाईपांसाठी इमारतीत सोडलेल्या उभ्या पोकळीतला) कॉमन पाईप किंवा बाहेरच्या भिंतीवर आपटणारा पाऊस. नळाची लाईन चोवीस तास प्रेशरमध्ये असते, त्यामुळे तिची गळती तुम्ही आंघोळ करा नाहीतर करू नका, सारखी चालू राहते, आणि बाथरूमचा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवला की कमी होते. घराला मीटर असेल तर सगळे नळ बंद करून काटा फिरतोय का बघा. प्लंबरकडे हातपंप असतो, लाईनची तोंडं बंद करून प्रेशर देतात आणि अर्धा तास काटा खाली येतो का बघतात, फोडाफोडी करण्याच्या आधी हे करून घ्याच, बहुतेक वेळा गळती निघते ती नळाच्या मागच्या पितळी एल्बोला. सांडपाण्याचा दोष असेल तर वापर झाल्यावर थोड्या वेळाने खाली थेंब वाढतात. त्यासाठी जिलेबीचा रंग बादलीत कालवून फक्त ट्रॅपमध्ये ओता, जमिनीवर सांडू न देता, आणि खाली बघा. रंगीत थेंब आला तर चोर सापडला. काही नाही आलं तर ट्रॅपच्या तोंडात फडक्याचा घट्ट बोळा मारून जमिनीवर दोन इंच रंगीत पाणी भरा आणि एक दिवस वाट बघा. मग आलं तर जमीन झिरपतेय. तेही नाही आलं तर शॉवर भिंतीवर मारून बघा.

या टेस्ट एका दिवसात उरकू नका, एकेक दोन-दोन दिवसांच्या अंतराने करा, नाहीतर कोब्यातल्या जुन्या पाण्यामुळे काहीच कळत नाही. आणि शक्यतो डिसेंबर ते मे मध्ये करा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली, सगळ्याच भिंती रडतात, त्यात बाथरूम कोणतं आणि पाऊस कोणता हे ओळखणं अवघड. एप्रिलमध्ये पण डाग ओला असेल तर पावसाला क्लीन चिट.

भिंत तपासायला फार काही लागत नाही, पाच रुपयांचं नाणं घ्या आणि प्रत्येक टाईलवर कोपऱ्यात आणि मधे वाजवा. भरीव असेल तर टणक आवाज, पोकळ असेल तर बद्द, फुटक्या मडक्यासारखा. पोकळ टाईल्सवर मार्करने फुली मारत जा. माझ्याकडे शॉवरच्या भिंतीवर अर्ध्याहून जास्त फुल्या झाल्या आणि तिथे मला ठरवायची गरजच उरली नाही. हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या फुल्या असतील, खाली गळत नसेल, तर तेवढ्याच टाईल्स काढून बदलता येतात. सगळी भिंत वाजत असेल तर दोन टाईल्स बदलणं म्हणजे किडलेल्या दातांच्या रांगेत एक दात पॉलिश करणं.

मग पर्याय काय. सगळ्यात हलका म्हणजे जॉइंट नव्याने भरणं, पण जुन्यावर थापून नाही. जुना ग्राउट कटरने किंवा हाताच्या सॉने निदान दोन तृतीयांश खोलीपर्यंत खरवडून काढायचा, धूळ काढायची, दोन-चार दिवस बाथरूम पूर्ण सुकू द्यायचं, आणि मग इपॉक्सी ग्राउट. माझं व्हाइट सिमेंट तीनदा का गेलं? मी ओल्या, घाणेरड्या जॉइंटवर नखाएवढा थर थापत होतो, शिवाय नुसतं व्हाइट सिमेंट सुकताना आकसतं आणि चिरतं. इपॉक्सीत रेझिन, हार्डनर आणि बारीक फिलर असे तीन भाग मिसळतात, ते पाणी पीत नाही आणि काळंही सहज पडत नाही. महाग असतं, भरताना मिस्त्री कंटाळतात कारण अर्ध्या-पाऊण तासात डब्यातच घट्ट व्हायला लागतं, आणि टाईलवर राहिलेलं वेळेत पुसलं नाही तर चिकट पट्टे कायमचे राहतात. म्हणून थोडं थोडं कालवायचं. फक्त एक, जिथे भिंत भिंतीला भेटते आणि भिंत जमिनीला भेटते त्या कोपऱ्यात कडक ग्राउट भरू नका, तिथे इमारत हलते, ग्राउट चिरतोच. तिथे बुरशी न धरणारा सिलिकॉन, आणि तो काही वर्षांनी बदलायचा असतो हे धरून चालायचं. खाली गळती नसेल आणि टाईल्स भरीव असतील तर एवढ्यावर भागतं, आणि कितीतरी घरांत एवढ्यावरच भागलं असतं जर वेळेवर केलं असतं.

मधले पर्याय दोन. वरून पारदर्शक कोट मारतात तो, एक दिवसात काम, फोडाफोडी नाही, जाहिरात छान. माझं मत, पावसाळा काढायचा असेल, किंवा खालच्यांच्या घरी लग्न आहे, तर मारा. वर्षा-दोन वर्षांत पायाने, पाण्याने, घासण्याने जातो आणि आधी आत साठलेलं पाणी आतच कोंडलं जातं. दुसरा म्हणजे जुन्या टाईलवर नवी टाईल. त्यासाठीचा खास अ‍ॅडहेसिव्ह मिळतो, खालची टाईल भरीव असेल तर धरतोही चांगला. पण जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते, दरवाजा घासतो, उंबरा बुडतो, ट्रॅपची जाळी खाली राहते, आणि मुख्य म्हणजे ज्या टाईल्सच पोकळ आहेत त्यांच्यावर अजून वजन टांगणं हा शहाणपणा नाही. गळती तर त्याने थांबतच नाही.

आम्ही फोडलं. सोसायटीला अर्ज, डिपॉझिट, कामाची वेळ ठरवून घेतली, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून आलो, ब्रेकरचा आवाज आठ मजले जातो. टाईल्स आणि कोबा मिळून टनाच्या आसपास डेब्रिज निघालं, पंचवीस-तीस गोणी, लिफ्टमधून न्यायला वॉचमनशी वेगळी बोलणी. सन्क रिकामा झाला तेव्हा मिस्त्रींनी मला बोलावलं आणि टॉर्च मारला. स्लॅबवर काळा वॉटरप्रूफिंगचा कोट होता! बिल्डरने केलं होतं हो काम. पण जिथून ट्रॅपचा पाईप बाहेर जातो तिथे भोवती नुसता माल कोंबलेला, आणि कोट पाईपपर्यंत येऊन थांबलेला, दोघांच्या मधे बोट जाईल एवढी फट. सगळी सहा वर्षं पाणी तिथून. वर प्लंबरने कमोडचा पाईप टाकताना छिन्नीने कोटाला दोन ठिकाणी टवका उडवलेला. वॉटरप्रूफिंगवाला आधी, प्लंबर नंतर, आणि दोघांमधे कोणी बघायला नाही. बहुतेक बाथरूम अशीच मरतात, मोठ्या चुकीने नाही, दोन कारागिरांच्या मधल्या फटीने.

तर करायचं कसं, तेही एका दमात सांगतो. आधी सगळं प्लंबिंग पुरं करायचं आणि प्रेशर टेस्ट करायची, मग वॉटरप्रूफिंग, उलट नाही. स्लॅब खरवडून, धुऊन, भेगा भरून, पाईपभोवतीचा जुना माल काढून तिथे न आकसणारा ग्राउट भरायचा. काटकोनी कोपऱ्यात कोट ताणून फाटतो म्हणून तिथे सिमेंटचा गोलसर उतार करतात, मिस्त्री त्याला वाटा म्हणतात. मग पॉलिमर आणि सिमेंटचा दोन भागांचा कोट, दोन हात, पहिला आडवा मारला तर दुसरा उभा, आणि कोपरे नि पाईपभोवती मधे जाळीची पट्टी. हा कोट पाईपच्या अंगावर चढला पाहिजे, पाईपपाशी थांबायचा नाही. भिंतीवर शॉवरच्या बाजूला निदान सहा फूट, बाकी ठिकाणी फूटभर. पाकिटावर लिहिलेत तेवढे दिवस सुकू द्यायचा, आणि मग ट्रॅप बंद करून पाणी भरून ठेवायचं. निदान ४८ तास. पातळीची पेन्सिलने खूण करा आणि खाली जाऊन बघा. मिस्त्री म्हणतील एक रात्र पुरे, साहेब. नाही पुरत. आमच्या पहिल्या टेस्टमध्ये चोवीस तास काही नाही आणि तिसाव्या तासाला काकांचा फोन आला, एका कोपऱ्यात वाटा चिरला होता. पाणी काढलं, परत केलं, परत भरलं. तो एक आठवडा गेला तो मला आजही स्वस्त वाटतो.

त्यानंतर कोबा भरायचा आणि कोब्याच्या वर, टाईलच्या लगेच खाली, परत एकदा कोट. लोक हा दुसरा कोट वाचवतात. पण आधी हिशोब केला ना, कोबा ही ६० लिटरची टाकी आहे, ती भरूच नये हे जास्त महत्त्वाचं, खालचा कोट म्हणजे दुसरी फळी. शिवाय सन्कच्या तळाला एक बारीक पाईप डक्टमध्ये काढून ठेवता येतो, आत पाणी साठलंच तर तिथून बाहेर येतं. त्यातून थेंब दिसला की समजायचं वरचं काहीतरी गेलं, काकांना कळायच्या आधी तुम्हाला कळतं. केळीच्या बुडाशी जाणारं भोकच की हे, फक्त आठव्या मजल्यावरचं.

ढाळ. दर शंभर इंचाला निदान एक इंच तरी नहाणी ट्रॅपकडे, मी तर दीडच्या जवळ करून घेतला. टाईल्स लावल्यावर नाही, कोब्याच्या वेळीच मग्गाभर पाणी ओतून बघा, कुठे डबकं राहतंय का. नंतर काही करता येत नाही. दरवाजाकडे पाणी येत असेल तर पॅसेजची स्कर्टिंग ओली राहते आणि चौकट सडते.

टाईल लावताना अ‍ॅडहेसिव्हच्या पिशवीवर आयएस १५४७७ आणि टाइप लिहिलेला असतो तो बघून घ्या, टाइप १ साध्या सिरॅमिकला, व्हिट्रिफाइडला टाइप २ किंवा वरचा. दात्यांच्या पट्टीने ओढून सगळ्या पाठीवर बसला पाहिजे, लाडू नकोत. खात्री करायची तर लावलेली पहिली टाईल लगेच परत काढायला सांगा आणि पाठ बघा. मिस्त्रींना राग येतो, आमच्या मिस्त्रींनाही आला, मी चहा मागवला. टाईल्सच्या मधे फट राहावी म्हणून दोन-तीन मिलिमीटरचे स्पेसर घाला. आणि अ‍ॅडहेसिव्ह सुकायला दिवसभर देऊन मगच इपॉक्सी.

पैशाचं भांडण कोणाशी, हेही विचारतात लोक. पझेशनपासून ५ वर्षांच्या आत स्ट्रक्चरमध्ये किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला आणि बिल्डरला कळवला तर ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायची जबाबदारी रेराच्या, म्हणजे रिअल इस्टेट कायद्याच्या, कलम १४ प्रमाणे त्याची. माझी तर सहा वर्षं होऊन गेली होती. चौथ्या वर्षी पांढरी पावडर पुसत बसलो तेव्हा एक मेल टाकला असता, फोटोसकट, तर कहाणी वेगळी झाली असती. तुमच्या घराला अजून पाच झाली नसतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि नाणं घेऊन बाथरूममध्ये जा. ५ वर्षांनंतर मात्र डक्टमधल्या कॉमन पाईपची आणि बाहेरच्या भिंतीची गळती सोसायटीची, आपल्या बाथरूममधून खाली जाणारी आपली. नेरूळला माझ्या बहिणीच्या सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये यावरून दोन घरं दोन वर्षं बोलत नव्हती, शेवटी दोष निघाला तो डक्टमधल्या पाईपचा, आणि दोघांचंही बरोबर नव्हतं.

काकांच्या छताला हे फक्त दिसण्यापुरतं नाही, हे मला नंतर कळलं. स्लॅबमधल्या सळीला पाणी लागलं की गंज चढतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून ढकलतो, मग पोपडे पडतात आणि सळी उघडी पडते. काकांकडे सुदैवाने नुसतं प्लास्टर फुगलं होतं. मी म्हटलं मी रंग मारून देतो लगेच. मिस्त्री म्हणाले आता नको, स्लॅब भरपूर पाणी प्यायलाय, गळती थांबली तरी दोन-तीन महिने घाम येत राहील, आत्ता रंग मारलात तर परत फुगा आणि परत तुम्हीच गुन्हेगार. सैल प्लास्टर तेवढं पाडून उघडं ठेवलं. काकांनी स्टुलावर चढून डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ मारली आणि तारीख लिहिली, १४ जानेवारी, म्हणाले संक्रांतीचा मुहूर्त आहे. दर पंधरा दिवसांनी नवीन रेघ. मार्चपर्यंत डाग ताटावरून बशीवर आला, एप्रिलच्या शेवटी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवला, दोन दिवसांनी काढला, मागे दव नाही. मे महिन्यात रंग दिला, खर्च माझा. काकूंनी बजावलं होतं की रेघांवर प्रायमरचे दोन हात मार, दिसायला नकोत. पण ट्यूबलाईट लावली की एक अजून दिसते, तारखेसकट.